बदामाचा वास आणि २८ची तूट



दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे बासरला गेलो होतो. निमित्त होतं बहिणीच्या धाकट्या मुलाच्या अक्षराभ्यासाचं. ज्यांना बासर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नांदेड जिल्ह्यातलं धर्माबाद सोडलं की गाडी थोड्याच वेळात तेलंगणात शिरते आणि गोदावरीच्या काठी हे गाव लागतं. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. इथे ज्ञानसरस्वतीचं देऊळ आहे. व्यासांनी गोदावरीतून तीन मुठी वाळू आणून सरस्वती, लक्ष्मी आणि काली यांच्या मूर्ती घडवल्या, अशी कथा सांगतात. मुलाला शाळेत घालण्याआधी इथे आणून पहिलं अक्षर गिरवून घ्यायचं, ही तेलुगू घरांतली रीत. सीमेवरच्या आम्हा मराठी घरांतही ती रुजली. माझं पहिलं अक्षरही इथलंच.

भाच्याने पाटीवर ‘श्री’च्या जागी एक लांबलचक रेघ ओढली, सगळे हसले आणि सोहळा पार पडला. त्यानंतर घाटाच्या पायऱ्यांवर बसलो तर मोठी भाची रसायनशास्त्राचं जर्नल काढून बसलेली. ती यंदा बारावीला आहे, सुट्टी संपली की जर्नल तपासायला द्यायचं होतं. मी सहज डोकावलो. टायट्रेशनचे तीन आकडे: ९.८, ९.८, ९.८.

“वा, हात चांगला बसलाय तुझा,” मी म्हणालो.

ती खाली बघून हसली. “नाही मामा. तिसरं १०.४ आलं होतं. पण परत करायला वेळ नव्हता. सगळेच असं लिहितात.”

मी रागावलो नाही. रागावायचा मला अधिकारही नव्हता. तिच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा असताना मी याहून मोठी लबाडी केली होती, आणि तीही स्वतःच्या नकळत. तिला तिथेच ती गोष्ट सांगितली. घरी आल्यावर वाटलं, आपल्या मंडळाच्या घरांतही विज्ञान शिकणारी बरीच मुलं आहेत, त्यांच्यासाठीही लिहून काढावी.

बाटलीतला बदाम

गोष्ट सुरू होते वासापासून. बदामाच्या आइस्क्रीमला किंवा केकला जो वास येतो, तो बहुतेक वेळा बदामाचा नसतोच. तो असतो बेंझाल्डिहाइड नावाच्या द्रवाचा. कडू बदामात आणि जर्दाळूच्या बीत तो निसर्गतःच तयार होतो. बाजारातल्या इसेन्समध्ये, अत्तरांत, साबणांत आणि औषधांच्या कारखान्यांत तो लागतो, म्हणून तो बनवावा लागतो.

तो बनवण्याची जुनी पद्धत अशी: टोल्युइन घ्यायचं, त्यावर क्लोरिन सोडायचा, मग पाण्याने क्लोरिन काढून टाकायचा. पण क्लोरिनचे अंश मागे राहतात, आणि खाण्याच्या किंवा सुगंधाच्या वस्तूत ते नको असतात. दुसरा मार्ग म्हणजे बेंझिल अल्कोहोल या द्रवाचं ऑक्सिडीकरण. (इथे भाचीने डोळे मोठे केले. अल्कोहोल म्हणजे फक्त दारू नव्हे, हे आधी सांगून टाकतो. अल्कोहोल हे रसायनांचं एक मोठं घराणं आहे, दारूतलं इथेनॉल हा त्यातला एक सदस्य.) ऑक्सिडीकरणासाठी पूर्वी पोटॅशियम परमँगनेट किंवा क्रोमियमची संयुगं वापरत. काम होई, पण मागे विषारी गाळ उरे.

मग रसायनशास्त्रज्ञांनी विचार केला की हवेतला ऑक्सिजनच का वापरू नये? तो फुकट मिळतो आणि मागे उरतं ते फक्त पाणी. अडचण एकच. ऑक्सिजन एकटा हे काम नीट करत नाही. त्याला मध्यस्थ लागतो, म्हणजे उत्प्रेरक.

सोन्याचे कण

हा मध्यस्थ कोण असावा? सोनं, असं कुणी ४० वर्षांपूर्वी म्हटलं असतं तर लोक हसले असते. सोनं कशाशीच संयोग करत नाही, म्हणून तर आपण ते पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घालतो. पण १९८० च्या दशकात जपानमध्ये मसाताके हारुता यांनी दाखवलं, की सोन्याचे अगदी बारीक कण धातूंच्या ऑक्साइडवर बसवले तर कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू शून्याखालच्या तापमानातही ऑक्सिजनशी जोडला जातो. त्याच काळात ब्रिटनमध्ये ग्रॅहम हचिंग्स यांनी दुसऱ्या एका अभिक्रियेसाठी सोनं उत्तम ठरेल असं भाकीत केलं आणि ते खरं करून दाखवलं.

बारीक म्हणजे किती? ५ नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा गोळा घेतला तर त्यात सुमारे ४००० अणू मावतात आणि त्यांतला साधारण दर चौथा अणू पृष्ठभागावर असतो. बांगडीत मात्र जवळपास सगळं सोनं आत दडलेलं असतं. अभिक्रिया पृष्ठभागावर घडते, त्यामुळे कण जितका लहान तितकं सोनं जास्त कामाला येतं. पण असे कण मोकळे ठेवले तर एकमेकांना चिकटून मोठे होतात. म्हणून त्यांना टायटॅनियम ऑक्साइड, मॅग्नेशियम ऑक्साइड, अॅल्युमिना अशा पांढऱ्या भुकटीवर बसवतात. या भुकटीला ‘आधार’ म्हणतात.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या कामात पुण्याचा वाटा आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. वसंत चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली बेंझिल अल्कोहोलपासून बेंझाल्डिहाइड बनवण्याची क्लोरिनविरहित पद्धत प्रसिद्ध केली. दुसरा कोणताही द्रावक नाही, फक्त अल्कोहोल, ऑक्सिजन आणि आधारावर बसवलेले सोन्याचे नॅनोकण. त्यांनी वेगवेगळे ऑक्साइड आधार म्हणून तपासले आणि युरेनियमचा ऑक्साइड फार चांगला ठरला. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, हचिंग्स यांच्या कार्डिफच्या गटाने टायटॅनियम ऑक्साइडवर सोनं आणि पॅलेडियम असे दोन धातू एकत्र बसवले आणि वेग प्रचंड वाढल्याचं दाखवलं.

मी त्या सुमारास एका प्रयोगशाळेत पीएचडीला लागलो होतो. माझं काम होतं असाच सोनं-पॅलेडियमचा उत्प्रेरक टायटॅनियम ऑक्साइडवर बनवायचा आणि बेंझिल अल्कोहोलवर चालवून बघायचा.

माझे ९७ टक्के

पहिल्या काही महिन्यांत उत्प्रेरक चालला आणि मी हवेत गेलो. फ्लास्क उघडला की खोलीभर बदामाचा वास. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल करून सांगतो.

सुरुवातीला अल्कोहोलचे १०० भाग घेतले. शेवटी १० उरले, म्हणजे ९० वापरले गेले. बेंझाल्डिहाइडचे ६० भाग दिसले आणि बेंझोइक आम्लाचे २. तयार झालेल्या ६२ पैकी ६० हवे तेच! म्हणजे ९७ टक्के निवड. मी तक्ता केला, रंगीत आलेख काढला आणि गटाच्या बैठकीत मांडला.

सरांनी तक्त्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, “बाकीचं कुठे गेलं?”

१० उरले, ६० आणि २ तयार झाले. बेरीज ७२. मग २८ कुठे गेले? माझ्याकडे उत्तर होतं, पण ते उत्तर नव्हतंच. “थोडं उडून गेलं असेल, सर.”

त्या रात्री मला माझे वडील आठवले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. धर्माबादला मिरचीचा मोठा व्यापार आहे आणि अण्णा तिथल्या एका आडत दुकानात मुनीम होते. मिरची ओली आली की वाळून घट धरायची, देठ खुडले की देठांचं वजन, चाळली की बियांचं आणि मातीचं. पोत्यात आलेलं सगळं वजन कुठल्या ना कुठल्या रकान्यात गेलंच पाहिजे. संध्याकाळी खतावणी जुळली नाही तर अण्णा जेवायला यायचे नाहीत. “लेका, तूट म्हणजे हवेत गेलेली मिरची नव्हे,” ते म्हणायचे. “तूट म्हणजे आपण न लिहिलेली मिरची.”

मी मात्र आख्खी २८ मिरच्यांची तूट वाऱ्यावर लिहून मोकळा झालो होतो.

आडवाटेला लागलेले रेणू

आमच्या यंत्रात नमुना टाकला की प्रत्येक पदार्थ वेगळ्या वेळी बाहेर येतो आणि कागदावर त्याचं शिखर उमटतं. नमुना पातळ करायला मी द्रावक वापरत होतो. त्याचं शिखर पहिल्या मिनिटांत येई आणि ते भलं मोठं असल्यामुळे मी सुरुवातीची मिनिटं मोजणीतून वगळली होती. कुणीतरी शिकवलं तसं करत होतो. आता द्रावक बदलला, तापमान हळूहळू चढवलं, आणि त्या वगळलेल्या मिनिटांत एक ठसठशीत शिखर उभं राहिलं. ते होतं टोल्युइनचं, रंगाच्या थिनरला असतो तसल्या वासाचं. बदामाच्या वासापुढे माझ्या नाकाला तेही कळलं नव्हतं.

पण मी तर ऑक्सिजन जोडत होतो. टोल्युइनमध्ये ऑक्सिजन नाहीच. हे कसं?

झालं होतं असं. अल्कोहोलचा रेणू धातूच्या कणावर बसतो आणि आपले दोन हायड्रोजन तिथे सोडतो. उरतो तो बेंझाल्डिहाइड. हे हायड्रोजन ऑक्सिजनने उचलले तर पाणी होतं आणि सगळं सुरळीत चालतं. पण तेच हायड्रोजन शेजारच्या दुसऱ्या अल्कोहोलच्या रेणूने घेतले, तर त्या रेणूतला ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातो आणि मागे उरतं टोल्युइन. दोन अल्कोहोलपैकी एकाचं बेंझाल्डिहाइड, दुसऱ्याचं टोल्युइन. हवेतल्या ऑक्सिजनचा यात संबंधच नाही. ही खरी आडवाट.

या आडवाटेने जितकं टोल्युइन, बरोबर तितकंच बेंझाल्डिहाइड तयार होतं. म्हणजे माझ्या ६० पैकी २८ या वाटेचे होते. खऱ्या ऑक्सिडीकरणाचे फक्त ३२. ज्याला मी ९७ टक्के म्हणत होतो, तिथे निम्मं काम भलतीच अभिक्रिया करत होती.

आडवाटा आणखीही आहेत. बेंझाल्डिहाइड पुढे ऑक्सिजन घेऊन बेंझोइक आम्ल होतं. लोणी कढवताना वेळेवर उतरवलं नाही तर तूप करपतं, तसा हा प्रकार. हे आम्ल लोणची-सरबतं टिकवायच्या कामी येतं. अल्कोहोलच्या दोन रेणूंमधून बेंझिल बेंझोएटही होऊ शकतं, खरजेवर लावायचं जुनं औषध. म्हणजे एकाच बाटलीतून आइस्क्रीमचा वास, लोणच्याचं रक्षक, खरजेचं औषध आणि रंगाचं थिनर. यातला एकही पदार्थ वाईट नाही. पण आइस्क्रीमसाठी निघालेल्याला थिनर नको असतं.

भाची म्हणाली, “मग थांबवायचं कसं?”

लगाम कुठे कुठे असतो

पहिला लगाम ऑक्सिजनचा. माझ्या फ्लास्कमध्ये ढवळणं संथ होतं. द्रवात ऑक्सिजन पुरेसा विरघळत नव्हता, त्यामुळे कणावर पडलेले हायड्रोजन उचलायला तो वेळेवर पोहोचत नव्हता. दाब वाढवला, जोरात ढवळलं, टोल्युइन कमी झालं. पण संपलं नाही.

दुसरा लगाम धातूंच्या प्रमाणाचा. पॅलेडियम हायड्रोजन झटकन पकडतो, म्हणून वेग मिळतो. पण तोच हायड्रोजन दुसऱ्याला द्यायलाही तो तयार असतो. सोनं सोबतीला असलं की तोल बदलतो. दोघांचं प्रमाण शोधावं लागतं.

तिसरा लगाम तापमान आणि वेळ. तापमान कमी ठेवलं आणि सगळं अल्कोहोल संपायची वाट न बघता आधीच थांबलं, तर पुढच्या आडवाटा बऱ्याच टळतात.

चौथा लगाम मला सगळ्यात आश्चर्याचा वाटला, तो आधाराचा. आम्ही समजत होतो की आधार म्हणजे नुसती पाट-चौरंगासारखी वस्तू, बसायला दिलेली. पण टायटॅनियम ऑक्साइडच्या जागी मॅग्नेशियम ऑक्साइड घेतला आणि टोल्युइनचं शिखर जवळजवळ नाहीसं झालं. धातू तेच, अल्कोहोल तेच, फक्त बसायची जागा बदलली. त्या दिवशी मी दोनदा बेरीज केली. ९९ आली. मी बाहेर येऊन अण्णांना फोन केला. रसायनशास्त्र त्यांना कळत नाही. त्यांनी विचारलं, “जुळला का हिशेब?” मी म्हणालो, “जुळला.” “मग जेव आता,” ते म्हणाले.

पुढे २०११ साली कार्डिफच्या गटाचा एक लेख वाचनात आला. पहिलं नाव मीनाक्षीसुंदरम शंकर. त्यांनी हा सगळा प्रकार पद्धतशीर उलगडून दाखवला होता: ऑक्सिजनसह आणि ऑक्सिजनशिवाय प्रयोग करून, टोल्युइनच्या हिशेबाने दोन्ही वाटा वेगळ्या मोजून. मॅग्नेशियम किंवा झिंक ऑक्साइडचा आधार घेतला की ती आडवाट बंद होते, हेही त्यात होतं. ते काम त्यांचं, आणि माझ्यापेक्षा कितीतरी खोल. मी ते आधी केलं असतं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण तो प्रश्न माझ्याही टेबलावर जवळपास वर्षभर होता, आणि मी पहिली मिनिटं वगळून त्याच्यावर झाकण ठेवलं होतं. ते वर्ष काही परत आलं नाही. पीएचडीही तेवढीच लांबली.

एक कोडं, जे चुकीतून सुटत नाही

भाचीला आणखी एक गंमत सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. शुद्ध बेंझाल्डिहाइडची बाटली उघडी राहिली तर काही काळाने तोंडाशी पांढरे खडे जमतात. ते बेंझोइक आम्ल. म्हणजे खोलीच्या तापमानाला, उत्प्रेरकाशिवाय, नुसत्या हवेने त्याचं आम्ल होतं. मग १०० अंशांच्या वर, ऑक्सिजनच्या दाबाखाली, धातूच्या सोबतीत असूनही आमच्या फ्लास्कमध्ये ते इतकं कमी का होतं?

हे कोडं अनेकांना दिसलं असणार. २०१४ साली शंकर, हचिंग्स आणि सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर दिलं. बेंझाल्डिहाइडचं आम्ल होताना मध्ये एक अतिशय चंचल तुकडा तयार होतो, तो पुढच्या रेणूला लागतो, मग त्याच्या पुढच्याला, अशी साखळी चालते. बेंझिल अल्कोहोल त्या तुकड्याला मध्येच गाठतं आणि साखळी तोडतं. त्यासाठी अल्कोहोल फारसं लागतही नाही, एक-दोन टक्के पुरतं. म्हणजे ज्याला आपण ‘अजून संपलं नाही’ म्हणून नावं ठेवतो, तेच उरलेलं अल्कोहोल बदामाचा वास राखत असतं. शेवटचा थेंबही वापरून टाकायचा हट्ट धरला तर राखणदारच जातो.

‘असं व्हायला नको होतं’ असा आकडा खोडून टाकला असता, तर हे उत्तर मिळालंच नसतं.

१०.४ चं काय झालं

तोवर ऊन कलत आलं होतं. खाली नदीत लोक दिवे सोडत होते. बहीण चहासाठी हाका मारत होती. भाचीने विचारलं, “मग मी आता काय लिहू?”

मी म्हणालो, “तुला जे दिसलं ते. ९.८, ९.८, १०.४. आणि खाली एक ओळ.”

“मार्क गेले तर?”

हा प्रश्न खरा आहे, मंडळी, आणि ‘मार्कांचं काय एवढं’ असं म्हणणं आपल्याला सोपं असतं. मी तिला म्हणालो, “एखादा मार्क जाईलही. पण तिसऱ्या वेळी काय वेगळं झालं ते आठव.” तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, “तिसऱ्या वेळी घाई होती. ब्युरेट पुन्हा भरली आणि खालच्या टोकातला बुडबुडा बघितलाच नाही.” बुडबुडा होता, तो मध्येच निघून गेला, आणि द्रव न पडताच आकडा पुढे सरकला. ०.६ ची तूट सापडली!

तिने रबर घेतलं, तिसरा ९.८ खोडला, १०.४ लिहिलं आणि खाली बुडबुड्याची ओळ लिहिली. शाळा उघडल्यावर पुन्हा एकदा टायट्रेशन करू द्या, अशी विनंती करायचंही ठरलं.

निघताना आम्ही देवळाबाहेर गरम बदाम दूध प्यायलो. भाचीने कप नाकाशी नेला आणि म्हणाली, “मामा, हे बेंझाल्डिहाइड की बदाम?” मी म्हणालो, “दूधवाल्याला विचार.” तिने खरंच विचारलं, अगदी तेलुगूतून. तो हसला आणि खालून इसेन्सची छोटी बाटली काढून दाखवली.

धर्माबादला पोहोचलो तेव्हा अण्णा ओसरीवर बसले होते. आता ते ८४ वर्षांचे आहेत. नातीने त्यांना बुडबुड्याची हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा लावून जर्नलचं पान बघितलं, खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “रबर कशाला वापरलं? चूक आडवी रेघ मारून ठेवायची असती. खतावणीत खाडाखोड चालत नाही.”

तर तरुण मंडळी, पुढच्या प्रॅक्टिकलला रबर घरी ठेवा आणि पेन घेऊन जा.